संगणकातील साधनांची नावे : क्रम, जागा आणि ओळख

विंडोज ९८च्या काळात ज्यांनी संगणक हाताळला असेल, त्यांना एक विचित्र प्रकार आठवत असेल. एका हार्ड डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे दोन विभाग केलेले असत. जागा अपुरी पडू लागली म्हणून दुसरी डिस्क आणून बसवली, की ती नवी डिस्क 'डी' हे अक्षर पटकावून बसे आणि जुना 'डी' निमूटपणे 'ई' होऊन जाई. माहिती जागच्या जागीच असे, त्यातले एक अक्षरही पुसले गेलेले नसे. तरीही 'डी'मध्ये बसवलेली सॉफ्टवेअर सुरू होत नसत आणि पडद्यावरील शॉर्टकट भलत्याच ठिकाणी बोट दाखवत. कारण साधे होते. एमएस-डॉस आणि त्यावर आधारलेल्या विंडोजच्या आवृत्त्या आधी प्रत्येक डिस्कवरील मुख्य विभागाला एकेक अक्षर देत आणि मगच उरलेल्या दुय्यम विभागांकडे वळत. 'डी' हे त्या विभागाचे नाव नव्हतेच. तो होता केवळ रांगेतला नंबर. रांगेत मध्येच कोणी येऊन उभे राहिले की मागच्यांचे नंबर बदलणारच.

विंडोज २००० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांनी यावर उपाय केला. कोणत्या विभागाला कोणते अक्षर दिले आहे, याची नोंद डिस्कवरील खुणेसह रजिस्ट्रीत ठेवली जाऊ लागली. त्यामुळे घरगुती वापरकर्त्याच्या दृष्टीने हा प्रश्न बराचसा मागे पडला. परंतु जगातील बहुसंख्य सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, त्या प्रणालीत साधनांची नावे स्थिर राखण्याचा प्रश्न अधिक खोलवर गेला आणि तो सोडवण्याचे प्रयत्न दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिले. या प्रयत्नांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. नाव स्थिर ठेवणे ही केवळ तांत्रिक युक्ती नव्हे. 'तेच साधन' म्हणजे नेमके कोणते, हे आधी ठरवावे लागते. आणि या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक साधनाबाबत सारखे नसते.

फाइलीच्या रूपातील साधने

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत साधनांकडेही फाइल म्हणून पाहण्याची पद्धत रूढ झाली. डिस्क असो, टर्मिनल असो वा प्रिंटर, 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत त्याच्या नावाची एक फाइल असते. त्या फाइलीत लिहिले की साधनाकडे माहिती जाते आणि ती वाचली की साधनाकडून माहिती येते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये सुरू केलेल्या लिनक्सने हीच परंपरा स्वीकारली.

प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, मात्र साधने नावाने ओळखत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक साधन म्हणजे दोन आकडे. पहिला आकडा कोणत्या ड्रायव्हरकडे काम सोपवायचे ते सांगतो आणि दुसरा त्या ड्रायव्हरच्या अखत्यारीतील कितवे साधन ते सांगतो. डेव्हमधील फाइल म्हणजे या दोन आकड्यांना माणसाच्या सोयीसाठी लावलेली पाटी. पूर्वी या पाट्या आधीच तयार करून ठेवल्या जात. संगणकाला जी साधने कधीकाळी जोडली जाऊ शकतील, त्या सर्वांच्या हजारो फाइली त्या डिरेक्टरीत असत. त्यांतील बहुतेक पाट्यांमागे घरच नसे.

रांगेतला नंबर

त्या काळी हार्ड डिस्क जोडण्याचे दोन प्रमुख प्रकार होते. आयडीई पद्धतीत डिस्कचे नाव तिच्या जागेवरून ठरे. पहिल्या केबलवरील मुख्य डिस्क 'एचडीए', तिच्याच जोडीची दुय्यम डिस्क 'एचडीबी', दुसऱ्या केबलवरील अनुक्रमे 'एचडीसी' आणि 'एचडीडी'. मधली डिस्क काढून टाकली तरी इतरांची नावे बदलत नसत. स्कझी पद्धतीत मात्र जी डिस्क आधी सापडेल ती 'एसडीए', नंतरची 'एसडीबी' असा क्रम असे. तेथे एक डिस्क काढली किंवा बिघडली, की तिच्यामागील प्रत्येकीचे नाव एका अक्षराने मागे येई.

पुढे यूएसबी आणि साटा डिस्कही स्कझीच्याच व्यवस्थेतून हाताळल्या जाऊ लागल्या. नंतर जुन्या आयडीई डिस्कही नव्या ड्रायव्हरांकडे सोपवल्या गेल्या. २००७मध्ये आलेल्या फेडोरा ७मध्ये हा बदल झाला आणि काल 'एचडीए' असलेली डिस्क प्रणाली अद्ययावत करताच 'एसडीए' झाली. ज्यांच्या रचनाफाइलींत जुनी नावे ठोकून बसवलेली होती, त्यांच्यापुढे यंत्रे सुरूच न होण्याचा धोका उभा राहिला. जागेवर आधारलेली नावे जाऊन त्यांच्या ठिकाणी क्रमावर आधारलेली नावे आली, हा त्या बदलाचा फारसा चर्चिला न गेलेला परिणाम होय.

क्रम तरी भरवशाचा असतो का? संगणक सुरू होताना कर्नेल साधनांचा शोध घेतो. वेळ वाचावा म्हणून हा शोध आता बराचसा समांतर चालतो. अनेक डिस्कांना एकाच वेळी हाक मारली जाते आणि जी आधी ओ देते तिचे नाव आधी लागते. एखादी डिस्क आज क्षणभर उशिरा जागी झाली, तर कालची 'एसडीए' आज 'एसडीबी' होऊ शकते. यंत्राला कोणी हातही लावलेला नसताना, नुसते बंद करून पुन्हा सुरू केल्यावर असे घडू शकते.

याचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, एखाद्या कार्यालयात रोज रात्री बाह्य डिस्कवर सर्व माहितीची प्रत काढली जाते आणि त्या आज्ञावलीत बाह्य डिस्कचे नाव 'एसडीबी' असे लिहिलेले आहे. एके दिवशी कोणी तरी दुसरी यूएसबी डिस्क आधीच जोडून ठेवली. आता 'एसडीबी' ती झाली. आज्ञावली आपले काम चोख बजावते आणि पाहुण्या डिस्कवरील माहिती पुसून तेथे प्रत लिहून टाकते. संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी 'डीडी' ही आज्ञा तर अशा वेळी काहीच विचारत नाही. जे नाव सांगितले त्यावर ती लिहीत जाते. येथे कोणतेही यंत्र बिघडलेले नसते, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दोष नसतो. केवळ नावाचा अर्थ बदललेला असतो.

नाव ठेवण्याचे तीन आधार

शाळेतील विद्यार्थ्याची नोंद कशी असते ते आठवून पाहा. हजेरीपटावर त्याचा एक क्रमांक असतो. वर्गात नवी मुले आली की पुढच्या वर्षी तो बदलतो. वर्गात त्याची एक जागा असते, उदाहरणार्थ खिडकीकडचे तिसरे बाक. मुलगा बदलला तरी बाक तेथेच राहते. आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्याचा एक क्रमांक असतो; इयत्ता बदलो, तुकडी बदलो, शाळा सोडेपर्यंत तो त्याचाच राहतो.

साधनांच्या नावांचेही हेच तीन आधार आहेत : क्रम, जागा आणि ओळख. 'एसडीए' हा हजेरीपटावरील क्रमांक झाला. 'अमुक स्लॉटमधील कार्ड' हे बाक झाले. कारखान्यात कोरलेला अनुक्रमांक हा रजिस्टरमधील नोंद झाला. क्रमावर विसंबणे धोक्याचे, हे एव्हाना स्पष्ट झाले आहे. खरा पेच जागा आणि ओळख यांच्यात आहे.

डिस्कचे उदाहरण घेऊ. ती एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी बसवली, तर तिच्यावरील माहिती तिच्याबरोबरच जाते. आपल्याला हवी असते ती माहिती. म्हणून नावही डिस्कबरोबर जायला हवे. येथे ओळख महत्त्वाची. आता सर्व्हरमधील नेटवर्क कार्ड पाहा. ते जळाले म्हणून तंत्रज्ञाने त्याच स्लॉटमध्ये नवे कार्ड बसवले आणि तीच केबल त्यात लावली. व्यवस्थापकाला वाटते, सारे पूर्ववत चालावे. म्हणजे नवे कार्ड जुन्याच नावाने ओळखले जावे. येथे जागा महत्त्वाची. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, पण एकाच नियमात त्या बसत नाहीत. हा निर्णय म्हणूनच कर्नेलने परस्पर घेऊ नये, तो वापरकर्त्याच्या हाती असावा, हा विचार पुढे प्रबळ ठरला.

डेव्हएफएस ते यूडेव्ह

या दिशेने पहिला मोठा प्रयत्न रिचर्ड गूच यांच्या 'डेव्हएफएस'चा. २००१च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या २.४ या कर्नेलमध्ये तो उपलब्ध होता. हजारो रिकाम्या पाट्यांऐवजी प्रत्यक्षात जोडलेल्या साधनांच्याच फाइली तो कर्नेलमधून निर्माण करी. कल्पना चांगली होती. परंतु नावे कशी असावीत हे कर्नेलमध्येच पक्के केलेले होते. ती नावे लांबलचक होती आणि अनेकांना ती रुचली नाहीत. शिवाय तिच्या अंमलबजावणीतील काही दोषांवरही टीका होत राहिली.

२००३मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' मांडले. त्यामागील तत्त्व असे : कर्नेलने केवळ 'अमुक साधन आले' किंवा 'गेले' एवढी वर्दी द्यावी आणि त्या साधनाचे गुणधर्म उघड करावेत. निर्माता कोण, अनुक्रमांक कोणता, ते कोणत्या मार्गाने जोडले आहे, ही सर्व माहिती २.६ या कर्नेलपासून 'सिस' नावाच्या डिरेक्टरीत वाचता येऊ लागली. नाव कोणते द्यायचे हे मात्र कर्नेलबाहेर, साध्या मजकुराच्या नियमफाइलींत लिहावे. 'अमुक अनुक्रमांकाचे साधन दिसले की त्याला अमुक टोपणनाव दे', अशा स्वरूपाचा एका ओळीचा नियम त्यासाठी पुरतो. डेव्हएफएस २००६मध्ये कर्नेलमधून काढून टाकण्यात आला. यूडेव्हचा विकास पुढे मुख्यतः के सीव्हर्स यांनी केला आणि २०१२मध्ये ते 'सिस्टीमडी' या प्रकल्पात विलीन झाले.

यूडेव्हने घेतलेला एक शहाणपणाचा निर्णय येथे सांगितला पाहिजे. डिस्कचे कर्नेलने दिलेले 'एसडीए' हे नाव ते बदलत नाही. त्याच्या जोडीला ते अनेक टोपणनावे, म्हणजे मूळ फाइलीकडे नेणारे दुवे, तयार करते. एकाच डिस्कला अनुक्रमांकावरून एक नाव, जोडणीच्या मार्गावरून दुसरे आणि तिच्यावरील फाइल सिस्टीमच्या खुणेवरून तिसरे नाव मिळते. डेव्हमधील 'डिस्क' या डिरेक्टरीत ही नावे 'बाय-आयडी', 'बाय-पाथ', 'बाय-यूयूआयडी' आणि 'बाय-लेबल' अशा स्वतंत्र गटांत लावलेली असतात. क्रम, जागा आणि ओळख हे तिन्ही आधार येथे एकत्र नांदतात. प्रसंगानुसार योग्य ते नाव वापरावे, इतकेच.

डिस्कची ओळख कोणती?

यांपैकी सर्वाधिक वापरात आलेली खूण म्हणजे यूयूआयडी. हा १२८ बिटांचा आकडा असून तो षोडशमान पद्धतीत ३२ चिन्हांनी, पाच गटांत लिहिला जातो. डिस्कवर फाइल सिस्टीम तयार करताना तो सहसा यादृच्छिक पद्धतीने निवडून तेथेच लिहून ठेवला जातो. असे दोन आकडे योगायोगाने सारखे निघण्याची शक्यता इतकी क्षीण असते की व्यवहारात ती शून्य मानली जाते. संगणक सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची हे सांगणाऱ्या 'एफएसटॅब' या फाइलीत बहुतेक वितरणे आता 'एसडीए'ऐवजी यूयूआयडीच लिहितात.

लेबल, म्हणजे माणसाने दिलेले वाचनीय नाव, हा अधिक सोपा पर्याय. पण त्यात वेगळीच अडचण आहे. एके काळी रेड हॅटच्या लिनक्समध्ये मूळ विभागाला तिरकी रेघ हेच लेबल दिले जाई. अशा एका यंत्रातील डिस्क दुसऱ्या तशाच यंत्रात बसवली, की एकाच लेबलाचे दोन विभाग समोर येत आणि कोणता खरा याचा उलगडा होत नसे. एकाच गावात एका नावाची दोन माणसे असावीत, तसा हा घोळ.

यूयूआयडी यातून सुटला असे वाटेल. पण तोही पूर्णपणे नाही. डिस्कची हुबेहूब नक्कल केली की यूयूआयडीचीही नक्कल होते. मूळ आणि प्रत एकाच यंत्राला जोडल्या, की त्या अद्वितीय आकड्याचे दोन दावेदार उभे राहतात. एक्सएफएस ही फाइल सिस्टीम तर अशा वेळी दुसरा दावेदार जोडून घ्यायला सरळ नकार देते. शिवाय विभाग पुन्हा फॉरमॅट केला की यूयूआयडी बदलतो. याचा अर्थ, यूयूआयडी ही डिस्कची ओळख नसून तिच्यावरील मजकुराच्या मांडणीची ओळख आहे. प्रत्यक्ष लोखंडी वस्तू ओळखायची असेल, तर निर्मात्याने दिलेला अनुक्रमांक किंवा 'वर्ल्ड वाइड नेम' हाच आधार घ्यावा लागतो.

मोठ्या संस्थांच्या साठवण यंत्रणांत हा फरक फार मोलाचा ठरतो. तेथे सुरक्षिततेसाठी एकच डिस्क दोन वेगळ्या मार्गांनी सर्व्हरला जोडलेली असते. कर्नेलला दोन मार्गांनी दोन डिस्क दिसतात आणि तो एकीला 'एसडीए', दुसरीला 'एसडीबी' म्हणतो. वस्तू मात्र एकच असते. दोन्ही नावांआड तोच अनुक्रमांक आहे हे ओळखूनच ती यंत्रणा त्यांना एका नावाखाली आणते.

नेटवर्क कार्डांचे त्रांगडे

नेटवर्क कार्डांना डेव्हमध्ये फाइल नसते आणि अनेक टोपणनावे ठेवण्याचा डिस्कसारखा मार्ग येथे खुला नव्हता. एकच नाव निवडणे भाग होते. कर्नेल ज्या क्रमाने कार्डे सापडतील त्या क्रमाने 'ईथ-०', 'ईथ-१' अशी नावे देई. दोन कार्डांच्या सर्व्हरमध्ये एक केबल इंटरनेटकडे आणि दुसरी अंतर्गत जाळ्याकडे जाते. नावांची अदलाबदल झाली, तर बाहेरच्यांसाठी उभारलेली फायरवॉलची भिंत आतल्या बाजूला लागते आणि इंटरनेटकडची बाजू उघडी पडते. त्यामुळे येथे नावाची स्थिरता हा थेट सुरक्षेचा प्रश्न ठरतो.

यूडेव्हने आधी ओळखीचा आधार घेतला. प्रत्येक कार्डावर ४८ बिटांचा 'मॅक' पत्ता असतो. तो आणि दिलेले नाव यांची जोडी एका फाइलीत नोंदवली जाऊ लागली. यातून तीन अडचणी उद्भवल्या. जळालेले कार्ड बदलले की नव्याचा पत्ता फाइलीत नसे. जुनी नावे आधीच्या कार्डांसाठी राखून ठेवलेली असल्याने त्याला 'ईथ-२' असे नवेच नाव मिळे आणि सर्व्हर जाळ्यातून अदृश्य होई. आभासी यंत्राची नक्कल केली की नव्या यंत्राला नवा पत्ता मिळे, पण आत नोंद जुन्या पत्त्याची असे. तेथेही तोच प्रकार घडे. तिसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. यूडेव्ह एका कार्डाचे नाव बदलून 'ईथ-१' करू पाहत असे, आणि नेमके त्याच क्षणी कर्नेल नव्याने सापडलेल्या कार्डाला तेच नाव देऊन मोकळा होई.

मग जागेच्या आधाराकडे मोर्चा वळला. डेल कंपनीने तयार केलेल्या 'बायॉसडेव्हनेम' या साधनाचा वापर करून २०११च्या फेडोरा १५ने मदरबोर्डवरील कार्डांना 'ईएम-१' अशी नावे द्यायला सुरुवात केली. २०१३च्या जानेवारीत सिस्टीमडीच्या १९७व्या आवृत्तीने स्वतःची पद्धत आणली. तिच्यात नाव ठरवण्याचे टप्पे आहेत. फर्मवेअरने मदरबोर्डवरील कार्डाला क्रमांक दिला असेल तर 'ईएनओ-१'. स्लॉटचा क्रमांक कळत असेल तर 'ईएनएस-१'. तेही नसेल तर पीसीआय मार्गावरील स्थानावरून 'ईएनपी-३-एस-०', म्हणजे तिसऱ्या बसवरील शून्याव्या स्लॉटमधील कार्ड. यांपैकी काहीच साधले नाही, तर कर्नेलचे जुने नाव कायम राहते. या नावांत कोठेही 'ईथ' नसल्याने कर्नेलशी होणारी ओढाताणही संपली. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ने २०१४मध्ये आणि डेबियन ९ने २०१७मध्ये ही पद्धत स्वीकारली.

एकच कार्ड असलेल्या लॅपटॉपच्या मालकांना 'ईथ-०'ऐवजी हे अवघड नाव कशासाठी, असा प्रश्न पडला आणि त्यावरून वादही झडले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते; एकाच माणसाच्या रांगेत नंबर चुकण्याची भीती नसते. परंतु अधिक गंभीर आक्षेप वेगळा होता. पीसीआय बसचे क्रमांक हेदेखील यंत्र सुरू होताना शोधाच्या क्रमानेच दिले जातात. ग्राफिक्स कार्ड किंवा नवी एनव्हीएमई डिस्क बसवली की मधल्या बसची संख्या वाढू शकते आणि 'ईएनपी-३-एस-०' हे कार्ड जागचे न हलता 'ईएनपी-४-एस-०' होते. विंडोज ९८मधील 'डी'चा 'ई' होण्याचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल. जागेचे नाव जागेवरून दिले, पण त्या जागेला दिलेला क्रमांकच मुळात रांगेतला होता.

त्यात भर म्हणजे नावे बनवण्याची पद्धत सुधारली की नावे बदलत. एखादा दोष दुरुस्त करण्यासाठी केलेला बदलही चालू यंत्राला जाळ्यातून बाहेर फेकू शके. म्हणून २०१८च्या अखेरीस आलेल्या सिस्टीमडीच्या २४०व्या आवृत्तीपासून नामकरणाच्या नियमांनाही आवृत्तिक्रमांक मिळाले. आपल्या यंत्राने कोणत्या काळचे नियम पाळावेत, हे व्यवस्थापकाला ठरवून देता येऊ लागले.

जुळी साधने

ओळखीचा आधार घ्यायचा, तर साधनाला ओळख असायला हवी. एखाद्या कारखान्यात एकाच संगणकाला दोन सारखे वजनकाटे यूएसबी-सिरिअल जोडणीने लावलेले असतात. कर्नेल त्यांना 'टीटीवाययूएसबी-०' आणि 'टीटीवाययूएसबी-१' म्हणतो. वीज जाऊन आली आणि क्रम उलटला, तर एका काट्याचे वजन दुसऱ्याच्या खात्यात जमा होऊ लागते. दोन्ही आकडे शक्यतेच्या कोटीतील असल्याने चूक लवकर ध्यानातही येत नाही.

जोडणीतील चिपमध्ये अनुक्रमांक असेल, तर तोडगा सोपा आहे. एफटीडीआयच्या चिपवर तो सहसा असतो. सीएच३४०सारख्या स्वस्त चिपच्या अनेक जोडण्यांत मात्र तो नसतो. अशी दोन साधने संगणकाच्या दृष्टीने जुळी भावंडे; त्यांच्यात फरक करण्याजोगे काहीच नसते. मग उरतो जागेचा आधार : डावीकडील यूएसबी छिद्रात आहे तो पहिला काटा आणि उजवीकडील तो दुसरा, असा नियम यूडेव्हमध्ये लिहावा लागतो. आणि तो नियम खरा राहावा यासाठी यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाला ती छिद्रे न बदलण्याची सूचना द्यावी लागते. येथे शिस्तीचा अर्धा भार सॉफ्टवेअरवर आणि अर्धा केबलला डकवलेल्या कागदी चिठ्ठीवर पडतो.

काय करावे?

घरच्या संगणकात एक डिस्क आणि एक नेटवर्क कार्ड असेल, तर यापैकी कशाचीच चिंता करण्याचे कारण नाही. प्रणाली स्थापित करताना योग्य ती व्यवस्था आपोआप होते. परंतु ज्यांच्याकडे सर्व्हरची किंवा माहितीच्या प्रती सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्यांनी काही पथ्ये पाळणे हिताचे.

आज्ञावलीत वा रचनाफाइलीत 'एसडीए', 'एसडीबी' ही नावे कधीही लिहू नयेत. फाइल सिस्टीम जोडण्यासाठी यूयूआयडी वापरावा. संपूर्ण डिस्कवर काही लिहायचे असेल, तर 'बाय-आयडी' गटातील अनुक्रमांकाचे नाव वापरावे. 'डीडी'सारखी आज्ञा देण्यापूर्वी 'एलएसबीएलके' ही आज्ञा चालवून डिस्कचा आकार आणि अनुक्रमांक डोळ्यांनी पडताळून पाहावा. प्रत काढणाऱ्या आज्ञावलीने बाह्य डिस्क खरोखर जोडली गेली आहे की नाही, हे आधी तपासावे. अन्यथा प्रत मूळ डिस्कवरील रिकाम्या डिरेक्टरीतच साठत राहते आणि प्रत सुरक्षित असल्याचा केवळ भास उरतो.

यूयूआयडी लिहिलेली डिस्क जोडलेलीच नसेल, तर सिस्टीमडी तिची साधारण दीड मिनिट वाट पाहते आणि नंतर आपत्कालीन अवस्थेत जाऊन थांबते. चुकीची डिस्क जोडण्यापेक्षा थांबणे बरे, हे खरे. पण काढता-घालता येणाऱ्या डिस्कसाठी एफएसटॅबमध्ये 'नोफेल' हा पर्याय लिहून ठेवावा, म्हणजे तिच्यावाचून बाकीचे यंत्र अडणार नाही. एकाहून अधिक नेटवर्क कार्डे असतील, तर आपोआप मिळणाऱ्या नावांवर विसंबण्याऐवजी 'बाहेर' आणि 'आत' अशा अर्थाची स्वतःची नावे नियम लिहून द्यावीत. ती १५ अक्षरांत बसवावी लागतात. आभासी यंत्राची किंवा डिस्कची नक्कल केल्यावर प्रतीचा यूयूआयडी बदलून घ्यावा.

आणि शेवटचे पथ्य सर्वांत सोपे, पण बहुधा टाळले जाणारे. साधनाचे नाव बदलले आहे हे चालू यंत्रावर सहसा कळत नाही. ते कळते यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर. महिनोन्‌महिने अखंड चालणारा सर्व्हर मध्यरात्री वीज गेल्याने बंद पडतो आणि परत येताना जाळ्यात येतच नाही, तेव्हा चूक त्या रात्रीची नसते; ती कधीकाळी केलेल्या आणि कधीच न तपासलेल्या बदलाची असते. म्हणून नवे कार्ड बसवल्यावर, डिस्क बदलल्यावर किंवा प्रणाली अद्ययावत केल्यावर, माणसे जागी आणि हाताशी असताना, यंत्र एकदा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करावे आणि प्रत्येक साधन आपापल्या नावाने हजर आहे याची खात्री करून घ्यावी.